बऱ्हाणपूरचा शिलालेख आणि दोन अंकांमधील वाट

तापीच्या उत्तर तीरावरील बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात मोडत असले, तरी इतिहासाने ते खानदेशाचेच शहर होय. फारुकी सुलतानांची ती राजधानी होती. १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती गेल्यानंतर मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ते मुख्य ठाणे बनले. शहाजहानची बेगम मुमताजमहल १६३१ साली येथेच वारली. प्रवासी तेथे जातात ते बहुधा राजवाड्याचे अवशेष आणि जमिनीखालून पाणी आणणारा कुंडी भंडारा पाहण्यासाठी. आम्हांस मात्र आज वाचकांना तेथील जामा मशिदीत न्यावयाचे आहे, आणि तेही एका संस्कृत लेखासाठी.

राजा अलीखान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने ही मशीद बांधविली. तीत अरबी लेखाच्या जोडीला देवनागरी लिपीतील एक संस्कृत लेख कोरलेला आहे. रायबहादूर हिरालाल यांनी तो वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केला. आरंभी सृष्टिकर्त्याला नमन आहे, अव्यक्त आणि सर्वव्यापी ईश्वराचे स्तवन आहे, मग फारुकी वंशाची मालिका आहे, आणि शेवटी स्वधर्माच्या पालनार्थ राजाने ही मशीद उभारली असे सांगितले आहे. एका मुसलमान राजाच्या मशिदीत संस्कृत स्तवन असावे याचे अनेकांस नवल वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याहूनही अधिक नवल आम्हांस वाटते ते लेखातील कालनिर्देशाचे. संवत् १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध पक्ष, सोमवार. एवढ्यावर थांबला असता तर तो इतर शेकडो लेखांसारखाच एक ठरला असता. पण गणकाने पुढे घटीही दिल्या आहेत. दशमी २३ घटींपर्यंत, तदनंतर एकादशी. कृत्तिका ३३ घटींपर्यंत, तदनंतर रोहिणी. योग ४२ घटींपर्यंत. करण वणिज. रात्रीच्या ११ घटी गेल्या असता, कन्या लग्नावर.

हा दिवस जुन्या इंग्रजी गणनेने ५ जानेवारी १५९० चा होय, आणि त्या दिवशी खरोखरच सोमवार येतो. परंतु वार जुळणे ही किरकोळ परीक्षा झाली. घटींची परीक्षा करता येते काय, हे आम्ही पाहिले. वाचकांपैकी ज्यांच्या घरी पंचांग वाचण्याची चाल आहे त्यांना हे पडताळणे अवघड जाणार नाही.

तिथी म्हणजे चंद्र व सूर्य यांच्यातील अंतराचे बारा बारा अंशांचे भाग. दशमी संपते त्या क्षणी हे अंतर १२० अंश असते. नक्षत्र म्हणजे एकट्या चंद्राच्या स्थानाचे १३ अंश २० कलांचे भाग. कृत्तिका संपते तेव्हा चंद्र ४० अंशांवर असतो. योग म्हणजे दोघांच्या स्थानांची बेरीज, तिचेही १३ अंश २० कलांचे भाग. आता चंद्र ३३ घटींवर ४० अंशांत असेल, तर मध्यम गतीने मागे गेल्यास २३ घटींवर तो ३७ अंश ४८ कलांवर असला पाहिजे. त्या वेळी सूर्य त्याच्या १२० अंश मागे, म्हणजे २७७ अंश ४८ कलांवर, मकर राशीत. दोघांची बेरीज, चक्राचे ३६० अंश वजा करून, ३१५ अंश ३६ कला. योगाची पुढची सीमा ३२० अंशांची, म्हणजे ४ अंश २४ कला उरल्या. बेरजेची गती घटीला सुमारे १४ कला असल्याने त्यांस साडेअठरा घटी लागतात. तेवीस अधिक साडेअठरा म्हणजे साडेएकेचाळीस. दगडावर कोरले आहे ४२.

मग रात्र. पौषात बऱ्हाणपूरच्या अक्षांशावर दिनमान सुमारे २७ घटींचे असते. रात्रीच्या ११ घटी म्हणजे सूर्योदयापासून ३८ वी घटी. तेव्हा दशमी संपून एकादशी चालू होती, कृत्तिका संपून रोहिणी लागली होती, योग अजून संपायचा होता, एकादशीच्या पूर्वार्धात येणारे वणिज करण होते, आणि पूर्वक्षितिजावर खरोखरच कन्या रास उगवत होती. एकही अंक दुसऱ्याशी भांडत नाही. फारुकी दरबारी ज्याने हे गणित केले तो आपल्या विद्येत पक्का होता.

आता ज्या प्रश्नासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला तो येथे उभा राहतो. त्या गणकाने चंद्राला २३ व्या घटीस पाहिले नव्हते. तेव्हा दशमीचा चंद्र उगवलेला असला, तरी अजून दिवस होता. शिवाय तिथीची समाप्ती ही डोळ्यांनी दिसणारी गोष्टच नव्हे. त्याच्याजवळ होते ते ठरावीक क्षणांचे अंक. करणग्रंथाच्या आधाराने एका दिवसाच्या सूर्योदयीचे चंद्रसूर्य काढावयाचे, दुसऱ्या दिवसाचे काढावयाचे, आणि मधली वाट भरून काढावयाची. काही निवडक बिंदूंवर जे ठाऊक आहे ते मधल्या सर्व जागी पसरविण्याचा हा उद्योग आहे. आजचे गणिती त्याला फलनाचा विस्तार म्हणतात. आपल्याकडे तो हजारांहून अधिक वर्षे चालत आला आहे, आणि आपली व्रतवैकल्ये त्यावर उभी आहेत.

त्या पौषात उपवासाविषयी वाद होण्याचे कारण नव्हते. दशमी सोमवारी दुपारी संपली, मंगळवारी सूर्योदयी एकादशी होती, म्हणून स्मार्त आणि वैष्णव दोघांचाही उपवास मंगळवारी. परंतु समजा, दशमी २३ ऐवजी ५७ घटींवर संपली असती. मग मंगळवारच्या सूर्योदयापूर्वीच्या चार घटींत, म्हणजे अरुणोदयात, दशमीचा वेध आला असता. स्मार्तांनी मंगळवारी उपास केला असता, वैष्णवांनी बुधवारी. कवळे मठाचा शिष्य आणि पर्तगाळी मठाचा शिष्य एका आळीत राहत असले म्हणजे त्यांच्या चुली निरनिराळ्या दिवशी बंद राहतात, त्याचे कारण बऱ्याचदा हेच असते. ५६ घटींच्या सीमेवर तिथी आली की एका घटीचा काय, काही पळांचा फरकही मोठा होतो. मग मधली वाट कशी भरली, हा केवळ पंडितांचा प्रश्न राहत नाही.

ही वाट भरण्याची रीत आपल्याकडे ज्याखंडांच्या संबंधाने वाढली. मध्यम चंद्रापासून स्पष्ट चंद्र काढावयाचा तर मंदफल हवे, आणि मंदफलासाठी कोणत्याही कोनाची ज्या हवी. परंतु कोष्टकात सर्व कोन मावणार कसे? आर्यभटाने ४९९ साली चोवीसच ज्या दिल्या, प्रत्येक ३ अंश ४५ कलांच्या टप्प्याने. त्यातही त्याने ज्या दिल्या नाहीत, त्यांची अंतरे दिली: २२५, २२४, २२२, २१९ अशी उतरत जाणारी, शेवटी २२ आणि ७. आमच्या मते या निवडीतच सर्व बीज आहे. अंकांपेक्षा अंकांची अंतरे अधिक बोलतात, कारण वाट कोठे वळते ते अंतरांवरूनच कळते.

भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त व्यवहारासाठी याहून लहान कोष्टक दिले आहे. त्रिज्या १२०, टप्पा दहा अंशांचा, खंड नऊच: २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. बेरीज १२०. हे एवढे अंक घेऊन ४५ अंशांची ज्या काढून पाहू. चाळीस अंशांपर्यंतचे चार खंड मिळविले म्हणजे ७७. पुढचा खंड १५, त्याचा अर्धा साडेसात. एकूण साडेचौऱ्याऐंशी. ही झाली त्रैराशिकाची, म्हणजे सरळ रेषेची रीत. खरी ज्या आहे ८४.८५. एक तृतीयांशाहून थोडी अधिक तूट आली.

ब्रह्मगुप्ताने ‘खण्डखाद्यका’त (इ. स. ६६५) यावर उपाय सांगितला. पुढचा खंड जसाच्या तसा घेऊ नये, तो आधी स्पष्ट करून घ्यावा. गेलेला खंड १७, येणारा १५. त्यांची अर्धी बेरीज १६. दोघांचे अंतर २, त्याला शेष अंश ५ ने गुणून विसाने भागावे, अर्धा येतो. तो सोळातून वजा केला म्हणजे साडेपंधरा. हा स्पष्ट भोग्यखंड. त्याचा अर्धा पावणेआठ, आणि ज्या पावणेपंच्याऐंशी. तूट एकदम एक दशांशावर आली. भास्कराचार्यांनी याची उपपत्तीही दिली. खंडाच्या आरंभी गत आणि भोग्य खंडांच्या अर्ध्या बेरजेइतका खंड असावयाचा, शेवटी भोग्याइतका, आणि मध्ये त्रैराशिकाने तो बदलत जावयाचा.

चंद्राच्या बाबतीत याचा हिशेब काय होतो? चंद्राचे मंदफल जास्तीत जास्त पाच अंशांच्या आसपास. त्रिज्येच्या १२० भागांत एक तृतीयांश चुकले म्हणजे मंदफलात सुमारे एक कला चुकली, आणि तिथीच्या समाप्तीत सुमारे चार पळे. स्पष्ट खंड घेतल्यास एका पळाच्या आसपास. चार पळे म्हणजे दीड मिनिट. एरवी याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. परंतु वर सांगितलेल्या ५६ घटींच्या सीमेवर ती चार पळे उपवास हलवू शकतात.

या दोन रीतींतील भेद केवळ अचूकतेचा नाही. सरळ रेषांनी जोडलेली वाट प्रत्येक टप्प्यावर कोपरा करते. ५० अंशांपर्यंत तिचा चढ दहा अंशांस १५, आणि ५० ओलांडताच एकदम १२. तीनचा झटका. ब्रह्मगुप्ताच्या रीतीने तोच हिशेब आम्ही करून पाहिला. पन्नासला पोचताना चढ १४ असतो, निघताना साडेतेरा. झटका अर्ध्यावर आला. कोपरा नाहीसा झाला नाही, बोथट झाला. ज्या वाटेवर असा झटका कोठेच नसतो, इतकेच नव्हे तर चढाचा बदल, त्या बदलाचा बदल, असे पुढेही काही तुटत नाही, तिला गणितात गुळगुळीत म्हणतात. चंद्राची खरी वाट तशी आहे. आकाशात कोपरे नसतात.

भास्कराचार्य हे खानदेशाला परके नाहीत. चाळीसगावाजवळील पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, १२०७ च्या सुमारास निकुंभ राजांच्या आश्रयाने मठ स्थापन केला, तेथे भास्करांचे ग्रंथ शिकविण्याची व्यवस्था केली आणि तसा लेख कोरविला. हा लेख प्रसिद्धीस आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६५ साली. गोव्यातील मांद्र्यासारख्या गावातून मुंबईस येऊन धन्वंतरी म्हणून नावाजलेल्या या पुरुषाने रुग्ण तपासता तपासता प्राचीन ज्योतिष्यांचा काळही तपासला, याचे आमच्या वाचकांस विशेष अगत्य वाटेल. पाटण आणि बऱ्हाणपूर यांमध्ये फार मोठे अंतर नाही. त्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या खंड पाठ म्हटले जात असताना १५९० साली सुलतानाला चांगला गणक मिळाला, यात अचंबा तो काय?

याच मुलखाच्या शेजारी, वऱ्हाडात पयोष्णीच्या तीरी दधिग्राम म्हणून गाव होते. तेथील एका ज्योतिषी घराण्याची शाखा काशीस गेली. त्यांतील कृष्ण दैवज्ञ याने भास्करांच्या बीजगणितावर टीका लिहिली, आणि जातकपद्धतीच्या उदाहरणासाठी कुंडली घेतली ती अब्दुर्रहीम खानखानानची, ज्याचे आयुष्य कितीतरी वर्षे बऱ्हाणपुरात गेले. दरबारांना धर्म होते, पण लग्न आणि घटी यांची गरज सर्वांना सारखीच होती.

कोकणात मात्र व्यवहार वेगळ्या वळणाने गेला. मुरूड-जंजिऱ्याजवळील नांदगावचे केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ ही नावे आपल्या भिक्षुकांच्या तोंडी अजूनही असतात. गणेशाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचले. त्याची प्रतिज्ञाच अशी की, ज्या आणि धनुष्य यांना हात न लावता ग्रह आणावयाचे. ग्रहांच्या शीघ्रफलासाठी त्याने पंधरा पंधरा अंशांच्या टप्प्याने अंक दिले आणि मध्ये साधे त्रैराशिक. पाच वर्षांनी त्याने ‘तिथिचिन्तामणी’ लिहिला. त्यातील कोष्टकांनी वर्षाच्या तिथी, नक्षत्रे आणि योग थोड्या दिवसांत मांडता येऊ लागले. पाटीवर धूळ पसरून गणित करणाऱ्या गावच्या जोशीबुवांना याहून अधिक काय हवे होते? महाराष्ट्रात आणि कोकणात शतकानुशतके पंचांगे याच आधाराने झाली.

ब्रह्मगुप्तानंतर नऊशे वर्षांनी पुन्हा सरळ रेषेकडे येणे ही अधोगती म्हणावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. गणेशाने सोय विकत घेतली आणि किंमत समजून घेतली. मंगळाचे शीघ्रफल कित्येक टप्पे हळूहळू वाढत जाते आणि अखेरच्या दोनतीन टप्प्यांत एकदम कोसळून शून्यावर येते. तेथे वाट फार वाकलेली असल्याने सरळ रेषा सर्वांत अधिक चुकते. इतरत्र ती बरी चालते. व्रताचा दिवस मंगळावर अवलंबून नसतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

युरोपात न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त कितीही बिंदूंमधून एकच वक्र नेण्याची रीत दिली. ती अंतरांचीच, अंतरांची अंतरे आणि त्यांचीही अंतरे घेत जाणारी. ब्रह्मगुप्ताचा नियम तिच्या पहिल्या दोन पायऱ्यांएवढा आहे. पुढच्या पायऱ्या चढत गेले की सत्य जवळ येईलच, असा समज पुढे बराच काळ होता. १९०१ साली जर्मनीतील रुंगे याने दाखविले की, समान अंतरावरचे बिंदू वाढवीत सर्वांमधून एकच बहुपदी नेली, तर काही अगदी साध्या वक्रांसाठीही ती कडांजवळ भयंकर हेलकावे खाते. शेजारच्या दोन खंडांपुरतेच पाहण्याचा ब्रह्मगुप्ताचा संयम त्यामानाने शहाणपणाचा ठरतो.

या सर्व खटपटीत एक प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. वाट कशी भरावी याची चर्चा झाली, पण ती भरता येते की नाही याची झाली नाही. बिंदू मोजके असतील तर अडचणच नसते. कोणतेही अंक द्या, त्यांतून जाणारी गुळगुळीत वाट आहेच, आणि एक नव्हे, अगणित आहेत. खरी अडचण बिंदू अनंत असून कोठेतरी दाटीने एकत्र येत असतील तेव्हाची. रेषेवर १, अर्धा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश असे बिंदू घ्या. ते शून्याकडे दाटत जातात, म्हणून शून्यही त्यांत घ्या. शून्यावर शून्य हा अंक ठेवा, आणि इतरांवर त्या बिंदूच्या स्थानाइतकाच अंक, पण आळीपाळीने धन आणि ऋण. अंक शून्याकडे लहान लहान होत जातात, तेव्हा त्यांना जोडणारी अखंड वाट काढता येईल. परंतु शेजारच्या दोन बिंदूंमधील चढ पाहा. अंकांचे अंतर बिंदूंच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठे आहे, आणि चढ अमर्याद वाढत जातो. ज्या वाटेचा चढ झटक्याविना बदलतो अशी वाट या अंकांतून कोणालाही काढता येणार नाही.

आता अंक आणखी लहान करू. प्रत्येक बिंदूच्या स्थानाचा वर्ग घ्या, चिन्हे तशीच आळीपाळीने. शून्यावर उभे राहून पाहिले तर सर्व ठीक दिसते. शून्यापासून कोणत्याही बिंदूपर्यंतचा चढ शून्याकडेच जातो. परंतु शेजाऱ्याशेजाऱ्यांतील चढ दोन, उणे दोन, दोन, उणे दोन असा अगदी शून्यापर्यंत झुलत राहतो. म्हणून येथेही वाट मोडते. दोषाचा पत्ता लागतो तो शून्यापाशी उभे राहून नव्हे, तर बिंदूंच्या प्रत्येक जोडीची अंतरे तपासून.

१९३४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे तरुण गणिती हॅस्लर व्हिटनी यांनी याचा पूर्ण निकाल लावला. हे गृहस्थ कड्यांवर चढण्यातही तितकेच पटाईत होते. त्यांचा सिद्धान्त रेषेपुरता सोप्या शब्दांत असा. रेषेवर बिंदूंचा कोणताही असा संच घ्या की, ज्याच्याकडे त्याचे बिंदू दाटत जातात तो बिंदूही संचातच असेल. त्यावर अंक ठेवा. दोन बिंदूंच्या अंकांचे अंतर बिंदूंच्या अंतराने भागले म्हणजे पहिल्या पायरीचा दर मिळतो. अशा दरांच्या अंतरांना पुन्हा बिंदूंच्या अंतराने भागले म्हणजे दुसऱ्या पायरीचा, आणि याप्रमाणे पुढे. बिंदू एकमेकांजवळ येत असता हे पहिल्या पायरीचे दर सर्वत्र सारखेपणाने एका निश्चित मूल्याला टेकत असतील, तर एका पायरीपर्यंत गुळगुळीत वाट निघते. दुसऱ्या पायरीचे टेकत असतील तर दोन पायऱ्यांपर्यंत. टेकत नसतील तर निघत नाही, आणि निघणारही नाही. अट पुरेशीही आहे आणि आवश्यकही आहे. ती पुरेशी का, हेही समजण्यासारखे आहे. रेषेवरील अशा संचाबाहेर उरते ती एकमेकांपासून सुट्या मोकळ्या जागांची रांग. प्रत्येक जागेला दोनच टोके. दोन्ही टोकांवर अंकही जुळावा आणि चढही जुळावा, असा लहानसा वक्र प्रत्येक जागेत बसवीत जावयाचे. दरांची अट असल्यामुळे जागा कितीही बारीक होत गेल्या तरी हे वक्र बेफाम होत नाहीत.

आर्यभटाचे खंड आणि व्हिटनींचे हे दर एकाच कुळातील आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु आमच्यापैकी काही उत्साही मंडळी याच्या पुढे जाऊन ‘हे सर्व आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असे म्हणतात, ते आम्हांस मान्य नाही. ब्रह्मगुप्ताने प्रश्न विचारला तो गणकाचा, उत्तर दिले ते गणकाचे, आणि ते आपल्या काळात अजोड होते. अनंत बिंदूंच्या दाटीत वाट मोडू शकते, ही शंका त्याच्या कामात कधी उद्भवतच नव्हती, कारण चंद्र त्याला तशी वागणूक देत नव्हता. भास्कराचार्य एका पावलाने पुढे गेले. चंद्राची गती दिवसभर एकसारखी नसते. ती दिवसाला बारा अंशांहून थोडी कमी ते पंधरा अंशांहून थोडी अधिक अशी बदलते. म्हणून तिथीचा अंत जवळ असेल तर त्या क्षणाची गती, त्यांच्या शब्दांत तात्कालिक गती, घ्यावी असे त्यांनी सांगितले. बिंदूवर अंकाबरोबर चढही ठाऊक असावा, ही गोष्ट व्हिटनींच्या सिद्धान्ताच्या फार जवळची आहे. पूर्वजांचा मान राखण्यास एवढे सत्य पुरे आहे, त्याला पदरची भर घालण्याची गरज नाही.

एका रेषेऐवजी प्रतल किंवा अवकाश घेतले की मोकळ्या जागांना दोन टोके उरत नाहीत, आणि प्रश्न फारच बिकट होतो. व्हिटनींच्यानंतर सुमारे सत्तर वर्षे तो गणित्यांना अडवून बसला होता. प्रिन्स्टनचे चार्ल्स फेफरमन यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो सोडविला. पंचांगाला त्याची आवश्यकता नाही, कारण काळ ही एकच रेषा आहे.

परंतु या सिद्धान्तातून पंचांगवाल्यांनी घ्यावयाचे ते वेगळेच आहे. मोजक्या बिंदूंमधून अगणित गुळगुळीत वाटा जातात, म्हणून केवळ गुळगुळीतपणा तिथी ठरवू शकत नाही. तो वाट असण्याची परवानगी देतो, खरी वाट कोणती ते सांगत नाही. आपल्याकडे गेल्या शतकात माजलेल्या पंचांगवादाचे मर्म आम्हांस येथेच दिसते. जुन्या परंपरेप्रमाणे तिथी पाच घटींनी वाढते आणि सहा घटींनी घटते, म्हणजे ५४ ते ६५ घटींच्या आत राहते. आकाशातील चंद्राची तिथी वास्तविक ५० पासून ६७ घटींपर्यंत जाते, कारण चंद्राच्या गतीत मंदफलाखेरीज इतरही भेद आहेत. प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि १८६५ पासून वेधाशी जुळणारे पटवर्धनी पंचांग निघू लागले. तेव्हा कित्येक घटींचे अंतर लोकांच्या डोळ्यांसमोर आले. दोन्ही पंचांगांतील वाटा सारख्याच काळजीने सांधलेल्या होत्या. सांधण्याच्या कुशलतेने मूळ अंकांची चूक झाकत नाही, उलट ती मधल्या प्रत्येक घटीपर्यंत इमानाने पोचवते.

दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त या सर्व ग्रंथांचा इतिहास मांडला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी इंग्रजीत कोष्टकांचा ग्रंथ काढला. शिलालेखांतील तिथी आणि वार पडताळण्याचे काम त्यामुळे सोपे झाले. पुढे १९०४ साली मुंबईस आणि १९१९ साली सांगलीस पंचांगशोधनासाठी परिषदा भरल्या, आणि लोकमान्य टिळकांनी त्यांत पुढाकार घेतला. तेथे वाद झाला तो अयनांश आणि दृक्प्रत्यय यांवर, म्हणजे मूळ अंकांवर. दोन अंकांमधली वाट कशी भरावी यावर भांडण्याचे कारणच नव्हते. ती रीत बऱ्हाणपूरच्या गणकाला जशी येत होती तशीच परिषदेतील दोन्ही पक्षांनाही येत होती.